साहेबांनी परत न घेतलेले पैसे

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर लिहिणं म्हणजे किराण्याची यादी आणि कधीमधी घरी चार ओळींचं पत्र. पण साहेबांची मुलगी कॅरोलिन जाताना म्हणाली की बाबांच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक करायचं आहे, ओळखीच्या सगळ्यांनी थोडं थोडं लिहून द्यावं, तू तुझ्या भाषेत लिही, आम्ही भाषांतर करून घेऊ. मी तिला तीन वाक्यं लिहून दिली. साहेब वेळेचे पक्के होते. साहेब माझ्यावर कधी ओरडले नाहीत. साहेबांना कुत्री फार आवडत. तिन्ही खरी आहेत. बाकीचं तिच्या पुस्तकात घालण्यासारखं नव्हतं, ते इथे लिहिते आहे. आता मस्कतमध्ये वादी कबीर भागात ज्या कुटुंबाकडे कामाला आहे, त्यांच्या मुलीची गेल्या वर्षीची गणिताची वही निम्मी कोरी होती, ती मी मागून घेतली.

साहेब गेले त्या सकाळी मी ओमानमधल्या इब्रा गावच्या घरात त्यांचे बूट पुसत होते. तीन दिवसांपूर्वी त्यांना मस्कतच्या इस्पितळात हलवलं होतं, आणि ते परत येतील म्हणून मी रोजची कामं रोजच्या वेळी करत होते. घरमालक अबू सालिम यांचा फोन आला. तीस वर्षं हिंदुस्थानी कामगारांशी बोलून त्यांची हिंदी माझ्यापेक्षा बरी. "सुनंदा," ते म्हणाले, "साहब गया. खलास." मग ते काहीतरी दुवा म्हणत राहिले आणि मी हातात बूट धरून उभी राहिले. मला रडू आलं नाही. खरं लिहायचं म्हणून लिहिते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा… आता पैसे कुणाला देऊ?

कारण साहेबांचे साडेअकराशे रियाल माझ्याकडे होते. म्हणजे मी ते त्यांना देणं लागत होते. सगळी रक्कम बँकेत जमलेली होती, दोन वर्षांपासून जमलेली होती, आणि साहेब ती घेत नव्हते.

रॉबर्ट साहेब इंग्रज होते. उभा जन्म आखातात इंजिनीअर म्हणून काढला आणि म्हातारपणी इब्राला अबू सालिमचं जुनं घर भाड्याने घेऊन राहिले. मागे खजुराची बाग, बागेतून फलजचं, म्हणजे गावच्या जुन्या पाटाचं, पाणी वाहायचं. बाग अबू सालिमची, झाडं त्यांची, पाणीसुद्धा गावाच्या पाळीचं, पण साहेब रोज सकाळी काठी घेऊन दोन कुत्र्यांबरोबर बागेतून फेरी मारायचे ती अशी, की नवख्या माणसाला वाटावं इथून पार समुद्रकाठच्या सुर गावापर्यंतची जमीन यांचीच आहे. बायको त्यांना सोडून केव्हाच इंग्लंडला परत गेलेली. मुलगा फोन करत नसे. कॅरोलिन रविवारी करायची, तोही घड्याळ लावून केल्यासारखा.

जेवणाच्या खोलीत एक मोठं तैलचित्र होतं. तांबूस गालांचा, जाड मानेचा माणूस, पायाशी कुत्रा, मागे हिरवं कुरण. हे साहेबांचे खापरपणजोबा, एडमंड. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले खेड्यातले जमीनदार. पण जमीनदार म्हटलेलं साहेबांना चालत नसे. "जंटलमन, सुनंदा. कंट्री जंटलमन. काम नहीं करता था. जंटलमन काम नहीं करता." मी नवी होते, भाबडेपणाने विचारलं की मग दिवसभर करायचे काय? त्याचं उत्तर ऐकायला मला आठ वर्षं लागली.

एडमंडच्या रोजनिशा होत्या, चामड्याच्या बांधणीच्या, सतरा-अठरा. साहेब त्यावरून घराण्याचं पुस्तक लिहीत होते. दुपारी मी चांदीचे काटे-चमचे घासायला बसले की ते समोर बसून वाचायचे आणि आपल्या मोडक्या हिंदीत मला सांगायचे. त्यांना ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे मला माझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव ठाऊक नाही, पण एडमंडने कोणत्या नोव्हेंबरात किती पक्षी मारले ते ठाऊक आहे. चाळीस खोल्यांचं घर, तीन गावं, घोडे, शिकारी कुत्री. रोज सकाळी सगळ्या नोकरांनी ओळीत उभं राहायचं आणि त्याने प्रार्थना वाचायची. अकरा मुलं झाली, त्यातली चार चर्चच्या आवारात पुरली. थोरल्याला सगळी जमीन, दुसरा फौजेत, तिसरा पाद्री, चौथा मुंबईला पाठवला तो तिथेच तापाने गेला. बायको अडतिसाव्या वर्षी बाळंतपणात वारली, त्या दिवशी रोजनिशीत दोन ओळी, खाली हवा कशी होती ते, आणि त्याच्या खाली कुत्री व्याली, पाच पिल्लं. साहेब म्हणाले, "देखो, दुख दिखाता नहीं था." दोन मुलींची लग्नंच केली नाहीत. धाकटीने बापाला वीस वर्षं रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. "कितना प्यार," साहेब म्हणाले. मी विचारलं, तिचं नाव काय होतं? साहेबांना पानं उलटून शोधावं लागलं.

त्या माणसासारखं राहायचं, एवढं एकच साहेबांना हवं होतं. जून महिन्यात, बाहेर कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी, शुक्रवारी दुपारी भट्टीत मांसाचा मोठा तुकडा भाजायचा, जाड रस्सा, उकडलेले बटाटे, आणि शेवटी वाफवलेली गोड वडी. साहेब टाय बांधून एकटे चित्राखाली बसून जेवायचे. माझा स्वयंपाकघरात घामाने जीव जायचा. नाताळला मला साडेतीन मीटर निळ्या चौकड्यांचं कापड मिळायचं. एडमंडच्या बायकोने प्रत्येक मोलकरणीला नाताळला कापड देण्याची रीत पाडली होती, ती साहेबांनी चालू ठेवली. पहिल्या वर्षी मी खूश झाले. मग कळलं की त्याचा कामावर घालायचा झगा शिवायचा, आणि तोही मीच शिवायचा. नोकराला भेट म्हणून नोकराचेच कपडे द्यायचे, वर त्याने आभार मानायचे… असं त्या चाळीस खोल्यांत चालत असणार.

आता पैशांचं लिहिते.

माझे मालक, म्हणजे मिस्टर, इब्राच्या औद्योगिक वस्तीत एका गॅरेजात डेंटिंगचं काम करायचे. साहेबांची जुनी जीप तेच दुरुस्त करायचे, त्या ओळखीने साहेबांनी मला व्हिसा दिला आणि मी स्वयंपाकाला आले. मुलगी मनीषा गावी माझ्या जाऊबाईंकडे. आम्ही नवरा-बायको एका गावात असून शुक्रवारी संध्याकाळी दोन तास भेटायचो, पण भेटायचो. दुसऱ्या वर्षी जॅक निसटला आणि ट्रकचा पुढचा भाग त्यांच्या उजव्या पायावर बसला. अर्बाबने, म्हणजे गॅरेज ज्याचं त्याने, विम्याचे पैसे भरलेलेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, आज ऑपरेशन केलं तर पाय राहील. मी साहेबांकडे गेले तेव्हा ते जेवत होते. त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला, एक शब्द न विचारता चेकबुक काढलं, गाडीत बसले, इस्पितळात स्वतः डॉक्टरांशी बोलले. अकराशे रियाल भरले, आणि पुढे मालकांच्या विमानाच्या तिकिटाचे पन्नास. पाय वाचला. माणूस लंगडतो पण चालतो, गावी दुकान चालवतो. हे साहेबांनी केलं, आणि ते मी नाकारत नाही. त्या रात्री मी त्यांच्या पाया पडले होते. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "पैसे का बात मत करो. हमारा फॅमिली में ऐसा ही है."

मला वाटलं, हे बोलायची पद्धत आहे.

पुढच्या महिन्याच्या पगारातून तीस रियाल पाकिटात घालून मी त्यांना द्यायला गेले. "नहीं नहीं," ते हसून म्हणाले, "बाद में." त्याच्या पुढच्या महिन्यात साठ. "बाद में, सुनंदा." तिसऱ्या खेपेला मी पाकीट त्यांच्या टेबलावर रोजनिशीखाली ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पाकीट तिथे नव्हतं. नाताळला कापड उलगडलं तर घडीत तेच पाकीट, माझ्या हातचं नाव तसंच. मी जाऊन विचारलं तेव्हा त्यांना थोडा राग आला. त्यांचा राग म्हणजे आवाज आणखी मऊ व्हायचा. म्हणाले, जंटलमन नोकराकडून पैसे परत घेत नाही. मी म्हटलं, मग साहेब, माफ केले असं तरी म्हणा. ते म्हणाले, "माफ करने का क्या है? तुम घर का आदमी है."

माफही नाही आणि परतही नाही. मी ते पैसे बँकेत टाकत गेले.

पाहुणे आले की साहेब गोष्ट सांगायचे. मस्कतहून त्यांचे जुने इंग्रज मित्र यायचे, आणि मी ट्रे घेऊन आत गेले की साहेब हात माझ्याकडे करून सुरू व्हायचे. मला इंग्रजी येत नव्हतं, पण 'लेग' मला लवकर कळलं. पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवायचे, एखादी बाई माझ्या हातावर हात ठेवायची. मी ट्रे घेऊन उभी. बसावं की जावं ते कळायचं नाही, आणि गोष्ट संपेपर्यंत जाता यायचं नाही, कारण शेवटी सगळे माझ्याकडे बघून हसायचे आणि मी परत हसणं अपेक्षित असायचं. इतक्या वर्षांत ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन… शेवटी शेवटी त्यात साहेबांनी ट्रक स्वतः उचलला होता.

पगार एकशे वीस रियाल. एक तारखेला पूर्ण मिळायचा, कधी एक दिवस उशीर नाही. आठ वर्षांत तो वाढला नाही, आणि मी वाढवून मागितला नाही. कुठल्या तोंडाने मागणार? पासपोर्ट माझ्याच पेटीत होता. काही घरांत ठेवून घेतात. साहेबांना ठेवून घ्यायची गरजच नव्हती. पाचव्या वर्षी मस्कतच्या एका गुजराती कुटुंबाने एकशे सत्तर देऊ म्हटलं, शुक्रवारची पूर्ण सुट्टी देऊ म्हटलं. मी चार दिवस धीर गोळा करून साहेबांना सांगितलं. "जरूर जाओ," ते म्हणाले. "मेरे घर में कोई कैदी नहीं." दोन दिवस ते अर्धं ताट टाकून उठले. बागेत पाणी सोडणारा रफीक, बांगलादेशचा, मला येऊन म्हणाला, "दीदी, तुम साहब को क्या बोला? बोलता है आजकल किसी को एहसान याद नहीं रहता." मी गुजराती बाईंना फोन करून नाही सांगितलं. त्या संध्याकाळी साहेबांनी ताट पुसून खाल्लं.

गावी फोन केला तर मालकांचं वेगळंच.

"अगं, तो नको म्हणतोय तर तू कशाला त्याच्या मागे लागतेस? साडेअकराशे म्हणजे आपल्या घराचा स्लॅब आहे, स्लॅब!"

"अहो, ते आपले नाहीत."

"मग कुणाचे? त्याला नकोत, तुला नकोत. मग मला दे. पाय माझा होता."

"पाय तुमचा, उभी मी राहते तिथे ट्रे घेऊन."

"गोऱ्याने सोडून दिलं आणि हिला राग!" असं म्हणून ते हसले, आणि मागे दुकानात बसलेलं कुणीतरीही हसलं. पैसे मात्र मी पाठवले नाहीत. त्यावरून आमचं दीड महिना बोलणं नव्हतं.

आणि मग सहाव्या वर्षीची ती दुपार. साहेब रोजनिशीतलं खंड गोळा करण्याच्या दिवसाचं वाचत होते. सप्टेंबरअखेर तिन्ही गावांतली कुळं एडमंडच्या घरी यायची, मोठ्या खोलीत टेबलावर खंडाचे पैसे ठेवायची, मग सगळ्यांना गोमांसाचं जेवण आणि बिअर. साहेबांना तो दिवस फार आवडायचा, ते डोळे मिटून सांगायचे. त्यात जॉन नावाचं एक कूळ होतं. तीन वर्षं पीक बुडालं, खंड थकला. चौथ्या वर्षी जॉनने बायकोच्या माहेरून काही आलं ते विकून सगळी थकबाकी आणली आणि टेबलावर ठेवली. एडमंडने त्या वर्षीचा खंड घेतला आणि बाकीचे पैसे त्याच्याकडे परत सरकवले. राहू दे जॉन, पुढे बघू. साहेबांचे डोळे ओले झाले. "देखा? ऐसा दिल था." त्यांनी पान उलटलं. पुढच्या वसंतात निवडणूक होती. तेव्हा मत सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने सांगायचं असे. एडमंडची कुळं गाड्यांत बसून गेली आणि एकामागून एक त्याने सांगितलेल्या माणसाचं नाव घेऊन आली. जॉनचा भाऊ दुसऱ्या बाजूचा होता, त्याच्या समोरून जॉन गेला आणि त्यानेही तेच नाव घेतलं. एडमंडने लिहिलं होतं, जॉनने मन मोडलं नाही. "लॉयल्टी," साहेब म्हणाले. "पैसे से नहीं मिलता, सुनंदा."

माझ्या हातात रस्सा वाढायचा मोठा चमचा होता. मी तो घासत राहिले. मला वाटलं, पैशानेच मिळते की साहेब, फक्त ते परत घ्यायचे नसतात. पण मी बोलले नाही. मी कधीच बोलत नसे. माझा स्वभावच तसा, चारचौघांत तोंड उघडायला मला जमत नाही. त्या दिवसापासून मी महिन्याला दहा रियाल जास्त बाजूला टाकायला लागले. मला घाई झाली. रक्कम पूर्ण झाली त्या दिवशी मी सगळे पैसे बँकेतून काढून आणले आणि चित्राखाली टेबलावर साहेबांच्या पुढ्यात ठेवले. ते म्हणाले, "खाना ठंडा हो रहा है." मी परत उचलले. उचलायला नको होते… पण ताट ठेवायला जागा नव्हती.

त्यानंतर त्यांचं पुस्तक छापून आलं. लाल पुठ्ठ्याचं, जाडजूड. ते आलं त्या आठवड्यात गावी मनीषाचा साखरपुडा होता. मी दोन महिने आधी रजा मागितली होती, आणि साहेबांनी हो म्हटलं होतं. मग पुस्तकासाठी इंग्लंडहून त्यांचे चुलतभाऊ येणार असं ठरलं. "तुम जाओ," ते म्हणाले, "हम कुछ कर लेगा. पंद्रह साल के बाद फॅमिली आ रहा है, लेकिन तुम जाओ." मी गेले नाही. साखरपुडा फोनवर बघितला, स्वयंपाकघरात, फोन मिठाच्या बरणीला टेकवून. मनीषाची साडी दिसली, चेहरा दिसेना, कारण तिच्या बाजूला दिव्याचा उजेड होता. मध्येच साहेबांनी घंटी वाजवली. त्या संध्याकाळी चुलतभावांना पुस्तक दाखवताना साहेबांनी मला बोलावून शेवटून दुसरं पान उघडलं. त्यावर माझा फोटो होता, निळ्या चौकड्यांच्या झग्यात. खाली काय लिहिलंय ते मी दुसऱ्या दिवशी अबू सालिमना वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. नोकर आणि मालक यांच्यातलं जुनं नातं या घरात आजही जिवंत आहे, असं होतं. हिच्या नवऱ्याचा पाय वाचवल्यापासून ही चांगल्या पगाराची नोकरी नाकारून आमच्याकडे राहिली आहे, असं होतं. पान पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजी, माझं नाव तेवढं बरोबर छापलेलं.

"तूने बोला था छापने को?" अबू सालिमनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"हम्म," एवढंच ते म्हणाले, आणि पुस्तक मला न देता साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

साहेबांना मस्कतमध्येच पुरलं. कॅरोलिन आली, पन्नाशीची, उंच, बोलायला बरी. घर रिकामं करायला तिला एक आठवडा होता. बापापेक्षा तिची हिंदी वाईट, पण आता मला इंग्रजी समजत होतं. पहिल्या दिवशी ती चित्रासमोर उभी राहून म्हणाली, "हा राक्षस मला घरी न्यावा लागणार." मी विचारलं, ते चाळीस खोल्यांचं घर कुणाकडे आहे? ती हसली. ते साहेबांच्या आजोबांच्या आधीच विकलं गेलं, आता तिथे हॉटेल आहे. साहेब आयुष्यात एकदाच तिथे गेले होते, एक रात्र. मोठ्या खोल्या परवडेनात, म्हणून माडीवरची लहान खोली घेतली. पूर्वी मोलकरणी तिथे झोपायच्या. हे त्यांनी आठ वर्षांत मला सांगितलं नव्हतं. मला क्षणभर त्यांची कीव आली. मग आठवलं, त्या खोलीत झोपूनसुद्धा त्यांना सकाळी काही कळलं नाही, आणि कीव गेली.

दुसऱ्या दिवशी मी कॅरोलिनपुढे पाकीट ठेवलं आणि कसंबसं सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले. "ओ सुनंदा, नो. डॅडीने हे कधीच घेतलं नसतं. ही त्यांची भेट समज." तिचे डोळे भरले. बापाचे भरायचे तसेच. आणि मला दिसलं की आता ती गोष्ट ही सांगणार, इंग्लंडमध्ये, कुणाच्या तरी दिवाणखान्यात, आणि शेवटी म्हणेल, बाई पैसे परत द्यायला आली होती, मी घेतले नाहीत. तिच्या पुस्तकातही ते येईल. मी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात आले.  

तिसऱ्या दिवशी अबू सालिम किल्ल्यांचं विचारायला आले. बरोबर खजूर आणि कॉफीचा थर्मास. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी कॅरोलिनला आणि मला कॉफी ओतून दिली, आणि मग इंग्रजीत म्हणाले, "आमच्यात माणूस गेला की विचारतात. साहेब आमच्यातले नव्हते, पण माझ्या घरात राहिले, म्हणून मी विचारतो. त्यांचं कुणाला काही देणं आहे का? कुणाचं त्यांना काही देणं आहे का? असेल त्याने बोलावं." कॅरोलिन म्हणाली, बाबांचं कुणाचं देणं नव्हतं, ते त्या बाबतीत फार काटेकोर होते. "चांगलं," अबू सालिम म्हणाले, आणि माझ्याकडे वळून तेच हिंदीत विचारलं.  बाहेर रफीक नळीने पाणी मारत होता त्याचा आवाज येत होता.

"मेरा है," मी म्हटलं. "साडे ग्यारह सौ रियाल. छह साल से देती हूँ, कोई लेता नहीं."

एवढं मोठं वाक्य मी त्या खोलीत कधी बोलले नव्हते. कॅरोलिन लगेच म्हणाली, "आम्ही ते सोडून दिलंय, मी तिला सांगितलंय."

"तुम्ही सोडलं," अबू सालिम म्हणाले. "तिने सोडलेलं नाही. ओझं तिच्या डोक्यावर आहे, मॅडम, तुमच्या नाही. उतरवायला हात तुमचा लागतो. यल्ला, चला, घ्या."

"पण मी या पैशांचं करू काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. दान करा, विमानाचं तिकीट काढा."

कॅरोलिनचा चेहरा लाल झाला, चित्रातल्यासारखा. मी पाकीट आणलं आणि नोटा तिच्या पुढ्यात ठेवल्या. ती न मोजता पर्समध्ये टाकायला निघाली. मी म्हटलं, "काउंट, मॅडम. प्लीज." पन्नासाच्या तेवीस नोटा. तिने मोजल्या, बावीस म्हणाली. मी घाबरले. अबू सालिम म्हणाले, पुन्हा. तिने एकेक नोट टेबलावर ठेवत, मोठ्याने, पुन्हा मोजल्या. एकवीस… बावीस… तेवीस. अबू सालिमनी कागदावर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलं, सुनंदाकडून साडेअकराशे रियाल पूर्ण मिळाले, रॉबर्ट यांचं हिच्याकडे आता काही नाही. कॅरोलिनने सही केली. मी खाली मराठीत केली.

 कॅरोलिनने पर्स बंद केली आणि जरा अवघडून विचारलं, "शुक्रवारपर्यंत थांबशील ना, सामान बांधायला?"

"थांबेन," मी म्हटलं. "दिवसाचे किती देणार?"